रात्री एक वाजता गाणारा पक्षी

बर्लिनला येऊन आता सात वर्षं होतील, हे कधीपासून लिहायचं होतं.

पहिली दोन वर्षं मी इथे प्रेम शोधलं ते फोनवर. कॉफी, दोन तास गप्पा, मग मेसेज बंद. नंतर एकजण खरंच आवडला, आठ महिने सोबत होतो आणि फेब्रुवारीत संपलं. इथला फेब्रुवारी म्हणजे साडेपाचला अंधार, दिवसभर राखाडी आभाळ, आईला फोनवर सगळं छान आहे सांगायचं आणि फोन ठेवला की रडायचं.

तेव्हा मी ट्रेप्टोवर पार्कजवळ राहायचे. एप्रिल संपता संपता एका रात्री एक वाजता खाली झुडपात एक पक्षी गायला लागला, केवढा मोठा आवाज, आधी शीळ, मग टकटक, मग एकच सूर पुन्हा पुन्हा, दरवेळी आधीपेक्षा जोरात. सकाळी शेजारच्या आजींना विचारलं तर त्यांचा चेहराच खुलला, म्हणाल्या, नाख्टिगाल! म्हणजे नाइटिंगेल. आफ्रिकेतून उडत येतात, नर आधी पोचतो आणि रात्रभर गातो, कारण त्याला जोडीदार हवी असते. जोडी जमली की रात्रीचं गाणं बहुतेक थांबतं.

म्हणजे मध्यरात्री जो गातोय तो एकटा आहे. हे कळल्यावर मी रोज रात्री जॅकेट घालून खाली जाऊन उभी राहायला लागले.

हा पक्षी जमिनीलगत, दाट झाडोऱ्यात घरटं करतो. बर्लिनमध्ये तो इतका दिसतो कारण इथल्या बागांमध्ये कोपरे मुद्दाम रानटी सोडलेत. टेम्पेलहोफचा विमानतळ २००८ ला बंद झाला, ३०० हेक्टरच्या आसपास मोकळी जागा, शहरात घरांची मारामार, तरी २०१४ च्या मतदानात लोकांनी सांगितलं की इथे बांधायचं नाही. आज जुन्या धावपट्टीवर पोरं सायकली शिकतात आणि बाजूच्या गवतात चंडोल अंडी घालतात, विणीच्या काळात तेवढा भाग बंद ठेवतात. घरांचा प्रश्न खरा आहे, मी स्वतः चार वेळा घर बदललंय, तरीही मी त्या लोकांच्या बाजूची आहे. एकट्या माणसाला काही विकत न घेता, कुणाला उत्तर न देता बसता येईल अशी जागा शहरात लागतेच. पुण्यात वेताळ टेकडीसाठी भांडणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, म्हणूनच लांबून का होईना मी तुमच्यासोबत आहे.

त्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री खाली गेले तर झुडूप गप्प. वीस मिनिटं थांबले, मग अर्धा तास. त्याला कुणीतरी भेटली होती! मी रस्त्यात एकटीच हसत होते, घरी आले आणि कितीतरी महिन्यांनी शांत झोपले.