कुरिअर, बारा

निर्मात्याच्या ऑफिसातून त्या मुलीचा फोन आला. "सर, स्क्रिप्ट छान आहे. फक्त कुरिअरमध्ये पाठवा. बारा." मी म्हटलं, पाठवतो. दुसऱ्या दिवशी पावणेबाराला मी फुलस्केपांचा गठ्ठा काखेत मारून नाक्यावरच्या कुरिअरवाल्यापुढे हजर. बाराच्या आत निघालंच पाहिजे म्हणून त्याच्याशी हुज्जतही घातली. कुरिअर हे टायपाचं नाव आणि बारा हा त्याचा आकार, हे संध्याकाळी भाच्याने सांगितलं. तेही त्याचं हसून झाल्यावर.

आजवर मी पटकथा कशी लिहीत आलो? पानाच्या मधोमध फूटपट्टीने रेघ. रेघेच्या डावीकडे दिसतं ते, उजवीकडे ऐकू येतं ते. या पद्धतीवर एकाही नटाने तक्रार केलेली नाही. (पैशांवर केली, पण ती रेघेची चूक नव्हे.) आता मात्र 'इंटरनॅशनल फॉरमॅट' हवा होता. म्हणजे मूळचा हॉलिवूडच्या टाइपरायटरवरचा. डावीकडे दीड इंच समास, कारण तिकडे कागदाला भोकं पाडून पितळी खिळ्यांनी बांधतात. माझी पटकथा ईमेलने जाणार होती. तरी भोकांची जागा सोडायचीच.

"मामा, हाताने नको करूस," भाचा म्हणाला. "वर्डला एक अॅड-ऑन जोडू. फुकट आहे. तू नुसतं लिही, ते आपोआप मांडतं." जोडल्याबरोबर पानाच्या डोक्यावर पिवळी पट्टी आली, सुरक्षेसाठी मॅक्रो, म्हणजे आपोआप कामं उरकणाऱ्या आज्ञा, बंद ठेवले आहेत म्हणून. मी हात मागे घेतला. तो म्हणाला, "इनेबल कर की!" आणि माझ्या वतीने दाबून मोकळा झाला. या पिढीला पिवळ्या पट्टीचं भय नाही.

त्याने इंग्रजीत दोन ओळी मारून दाखवल्या. खरं सांगतो, डोळे निवले. टॅब दाबला की नाव मधोमध जातं, एंटर मारला की खाली संवादाची चिंचोळी पट्टी तयार. भाचा घरी गेला आणि मी मराठीत लिहायला बसलो.

पहिली ठेच कॅपिटलची. हे यंत्र पात्राला ओळखतं ते सगळी अक्षरं मोठी असली की. आता 'आजी' मोठ्या अक्षरांत कशी लिहायची? मराठीत आजी असते किंवा नसते, मोठी-छोटी आजी नसते. तशी सोय म्हणून यंत्रात आणखी एक नियम होता : ओळ आखूड दिसली की ते पात्र समजायचं. हा नियम मी चालू केला. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं, पण ते मला तेव्हा कुठे ठाऊक!

दुसरी ठेच आकाराची. बारा म्हटलं की इंग्रजी निमूट बारा होई, मराठी जागची हलेना. दीड तासाने शोध लागला की वर्डमध्ये आपल्या लिपीचा टाइप आणि आकार वेगळ्या चौकटीत सांगावा लागतो, आणि त्या चौकटीचं नाव 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'. बायकोला मोठ्या अपमानाने सांगितलं की हे लोक आपल्या लिपीला गुंतागुंतीची म्हणतात. ती म्हणाली, "तुमचं अक्षर पाहिलं असेल त्यांनी."

बरं, त्या कुरिअरात मराठी अक्षरंच नाहीत. वर्ड गुपचूप 'मंगल' नावाचा देवनागरी टाइप आणून बसवतो. कुरिअरची शिस्त अशी की इंचाला दहा अक्षरं, सगळी एकाच रुंदीची. त्या हिशेबाने एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. आपल्याकडे 'र' आणि 'क्ष' यांना एका मापाची सदरी कोण शिवणार? शिवाय मंगलला डोक्यावर मात्रा आणि पायाशी उकार, म्हणून ओळींमध्ये ऐसपैस जागा लागते. माझी 18 मिनिटांची फिल्म 31 पानांची झाली. भाच्याने फोनवर उपाय सांगितला : ओळींतलं अंतर 'एक्झॅक्टली' बारा कर. केलं. पानं भराभर कमी झाली आणि पडद्यावर सगळ्या मात्रांची हजामत. 'तो ओरडतो'चं 'ता आरडता' झालं. नायक बोलायला लागला की कोणीतरी त्याच्या डोक्यावरून वस्तरा फिरवल्यासारखं दिसे. ते पुन्हा सैल केलं. 31 तर 31.

रात्री दोन वाजता पीडीएफ करून पाठवली. सोबत यंत्राने स्वतःहून पात्रांची यादीही जोडली होती. मी म्हटलं, वा! आणि न वाचता झोपलो.

सकाळी त्या मुलीचा फोन. "सर, लीड रोलचं नाव जरा वेगळं आहे, नाही?"

"प्रकाश? वेगळं काय त्यात?"

"प्रकाशला सहाच सीन आहेत सर. लीड म्हणजे तेवढ्यात. चौदा सीन."

मी यादी उघडली. मला एक खोड आहे. प्रसंगाला कलाटणी द्यायची तर मी 'तेवढ्यात' एवढा एकच शब्द स्वतंत्र ओळीवर लिहितो आणि मग पुढचं सांगतो. यंत्राने आखूड ओळ पाहिली, पात्र समजून मधोमध बसवली आणि पुढचं वर्णन त्याच्या तोंडी घातलं. खाली 'शांतता' नावाच्या बाईंना तीन संवाद होते. 'पाऊस' पाहुणा कलाकार. आजीचं नाव यादीत नव्हतंच. तिला मी हौसेने 'गल्लीतल्या सगळ्यांची लाडकी आजी' असं लिहिलं होतं, ती ओळ लांब भरली.

"सर, कास्टिंगवाले विचारतायत, तेवढ्यातचं वय काय धरायचं?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण रात्रीची जागरणं आठवली आणि मी म्हणालो, "वयाचं काही नाही. माणूस अगदी वेळेवर येणारा हवा."

पलीकडे थोडा वेळ शांतताबाई बोलल्या. मग ती म्हणाली, "मग अवघड आहे सर. आपल्या इंडस्ट्रीत तसं कोणी नाही."