रोमेल हरलाच नव्हता म्हणे

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढलेला जर्मन सेनापती रोमेल आणि ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरी (मॉन्टी) यांचे फोटो शेजारी शेजारी लावलेली ती पोस्ट परत फिरायला लागलीय. म्हणणं असं, की रोमेल मैदानात कधी हरलाच नाही, इजिप्तमधे अल अलामीनला रोमेलचं पेट्रोल संपलं आणि मॉन्टीकडे दुप्पट रणगाडे होते म्हणून मॉन्टी जिंकला.

‘कधी हरलाच नाही’ हे आधी घेऊ. एप्रिल १९४१ मधे रोमेलने लिबियातल्या तोब्रुक बंदराला वेढा घालून धडका मारल्या, ऑस्ट्रेलियनांनी परतवल्या. वर्षअखेरीला ब्रिटिशांच्या ऑपरेशन क्रुसेडर या हल्ल्यामुळे वेढा सोडून पार पश्चिमेला अल अघेलापर्यंत मागे जावं लागलं. मॉन्टी तेव्हा आफ्रिकेत नव्हताच. जुलै १९४२ मधे इजिप्तच्या दारात अडवलं तेही मॉन्टीच्या आधीच्या ब्रिटिश सेनापतीने, ऑकिनलेकने. १ जुलैला अलामीनजवळ देर एल शेनला इराकमधून घाईघाईने आणलेली १८वी इंडियन ब्रिगेड उभी होती, शीख, गुरखे आणि एक ब्रिटिश बटालियन, संध्याकाळपर्यंत लढून ती ब्रिगेड संपलीच, पण आफ्रिका कोअरच्या (रोमेलच्या जर्मन तुकड्यांच्या) ५५ पैकी १८ रणगाडे घेऊन गेली आणि रोमेलचा अख्खा दिवस खाल्ला. पोस्टमधे यांना जागा नाही, फोटो दोनच मावतात ना.

आता पेट्रोल. ते काय आपोआप संपलं? २१ जून १९४२ ला तोब्रुक रोमेलच्या हातात पडल्यावर ठरलेलं होतं की इथे थांबायचं, आधी ब्रिटिशांकडचं माल्टा बेट घ्यायचं, कारण माल्टाहून विमानं आणि पाणबुड्या रोमेलची रसद आणणारी इटालियन जहाजं बुडवत होत्या. त्याचा वरिष्ठ जर्मन अधिकारी केसेलरिंग तेच सांगत होता. रोमेलने हिटलर-मुसोलिनीकडून पुढे जायची परवानगी काढली आणि सुटला. रसद उतरायच्या त्रिपोली बंदरापासून अलामीन जवळपास २००० किलोमीटर, म्हणजे पेट्रोल आणणारे ट्रकच वाटेत किती पेट्रोल पिणार याचा हिशोब कोणी करायचा? सेनापतीनेच ना! रसद तुटली ती त्याच्याच निर्णयामुळे, याला नशीब म्हणत नाहीत.

दुप्पट रणगाड्यांचं खरंय. साधारण हजार विरुद्ध पाचशे, त्यातही निम्म्याच्या आसपास इटालियन. पण मे-जून १९४२ मधे तोब्रुकजवळच्या गझालालाही ब्रिटिशांकडेच जास्त होते आणि तरी सडकून मार खाल्ला, कारण ब्रिगेड सुट्या सुट्या लढवल्या. मॉन्टीने तेच बंद केलं. अलामीनच्या आधी अलम हाल्फाला रणगाडे टेकडीवर जमिनीत गाडून बसवले, रोमेल येऊन आपटला, मागे फिरला, तरी मॉन्टी घाईने पाठलागाला गेला नाही. आणि २३ ऑक्टोबरला अलामीनची मोठी लढाई सुरू झाली तेव्हा रोमेल आजारपणाच्या रजेवर होता, कमांड जनरल श्टुमेकडे, तो दुसऱ्याच दिवशी हार्ट अटॅकने गेला, रोमेल पोचला २५ ला संध्याकाळी. कसलं आलंय द्वंद्वयुद्ध.

रोमेलच्या ‘अचूक अंदाजां’बद्दलही थोडं. कैरोतल्या अमेरिकन मिलिटरी अटॅशेचे (दूतावासातल्या लष्करी अधिकाऱ्याचे), फेलर्सचे, गुप्त रिपोर्ट १९४२ च्या जूनअखेरपर्यंत जर्मन-इटालियन वाचत होते. १० जुलैला ऑस्ट्रेलियनांनी रोमेलची, ब्रिटिशांचे वायरलेस संदेश चोरून ऐकणारी तुकडीच पकडली. त्यानंतर अंदाज बऱ्यापैकी आटले. (मॉन्टीकडे अल्ट्रा होतं, म्हणजे जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडून मिळणारी माहिती, तो पण काही ज्योतिषी नव्हता.)

मॉन्टीचा भक्त मी नाही. अलामीननंतर पाठलाग इतका रेंगाळला की रोमेल निसटला, आणि पाऊस पडला हे कारण अर्धंच पुरतं. शिवाय स्वतःची टिमकी वाजवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. पण ६ मार्च १९४३ ला ट्युनिशियातल्या मेदेनीनला रोमेलने स्वतः हल्ला केला, मॉन्टी तोफा लावून वाटच बघत होता, एका दिवसात रोमेलचे पन्नासेक रणगाडे गेले आणि तीन दिवसांनी रोमेल आफ्रिका सोडून गेला तो कायमचाच.