‘पे’ कुणाच्या बापाचा?

फोनपे आणि भारतपे यांचं कोर्टातलं भांडण मला मनापासून आवडतं. वाद कशाचा, तर ‘पे’चा. एक अक्षर, वर एक मात्रा. पैसे चुकते करायच्या अ‍ॅपने ‘पे’ म्हणायचं नाही, तर काय ‘घे’ म्हणायचं? फोनपेने मागितलेली अंतरिम मनाई (म्हणजे निकाल लागेपर्यंत भारतपेने ‘पे’ वापरू नये असा हुकूम) दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये नाकारली. सार एवढंच, की ‘फोनपे’ हा अख्खा शब्द तुमचा. त्याचं शेपूट तोडून वेगळा सातबारा निघत नाही. ट्रेडमार्क कायद्याचं कलम १७ हेच सांगतं. तरी भांडण मिटायला २०२४ उजाडलं.

क्वालालंपुरात ‘मॅककरी’ नावाचं हॉटेल होतं. मालक म्हणे, मॅककरी म्हणजे ‘मलेशियन चिकन करी’. (खुलासा जरा ओढूनताणून आहे, मान्य.) मॅकडोनाल्ड्सने २००१ साली दावा लावला, २००६ला जिंकला, २००९ला अपिलात हरला. बर्गर मागायला जाऊन चुकून माशाच्या डोक्याची करी खाऊन येणारं गिऱ्हाईक माझ्या तरी डोळ्यांपुढे येत नाही.

तर उद्या हे लोण तुमच्या ‘गावरान’ मसाल्याच्या पुडीपर्यंत येणार. कुरिअरने जाडजूड पाकीट, आत त्याच नावाच्या दुसऱ्या ब्रँडच्या वकिलाची नोटीस: सात दिवसांत नाव बदला, माल बाजारातून उचला, माफी लिहून द्या, भरपाई द्या. आधी चहा घ्या. ते सात दिवस कायद्यात कुठेच नाहीत, वकीलसाहेबांनी आपल्या मनाने घातलेत. उत्तर जरूर द्यावं, पण त्याआधी नोटिशीतला क्रमांक ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी साइटवर टाकून बघावा. पुष्कळदा तिथेच करमणूक होते. स्थितीपुढे ‘रजिस्टर्ड’ऐवजी ‘ऑब्जेक्टेड’ असतं, म्हणजे ज्याच्या जिवावर धमकी, तेच अजून लटकलेलं. किंवा नोंद असते कोंबड्याच्या चित्रासकट अख्ख्या लेबलाची, आणि हक्क सांगितलेला असतो नुसत्या ‘गावरान’वर, हा शब्द तर मालाचं वर्णन, त्याची मक्तेदारी कलम ९ सहजासहजी देत नाही. वर्गही पाहा, म्हणजे नाव कुठल्या प्रकारच्या मालासाठी नोंदलंय ते. एकूण ४५ आहेत: मसाले ३०मध्ये, लोणची २९मध्ये, साबण ३मध्ये. त्यांचा ‘गावरान’ साबणाचा निघाला, तर तुमच्या गोडा मसाल्याने कुणी अंघोळ करतं का, एवढं विचारायला हरकत नाही. (ब्रँड फारच नामांकित असेल तर मात्र वर्गाची भिंत पुरत नाही, तिथे वकील गाठा.)

खरी गोम दुसरीकडेच आहे. तुम्ही स्वतः नावासाठी अर्ज केला असेल, तर ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये तो छापून आल्यावर ४ महिन्यांत कुणीही विरोध दाखल करू शकतं. त्या विरोधाची प्रत मिळाल्यापासून २ महिन्यांत काउंटर स्टेटमेंट (विरोधाला तुमचं लेखी उत्तर) गेलं नाही, की तुम्हीच अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. मुदतवाढ नाही. आणि ही प्रत जाड पाकिटातून, शिक्के मारून, दारावरची बेल वाजवून येत नाही. ती ईमेलने येते, आणि कर्जाच्या ऑफर व लॉटरीच्या बक्षिसांशेजारी स्पॅममध्ये मुकाट पडून राहते.