उचकी आणि सिंकिंग फंड

उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, असं म्हणतात. रविवारी सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मला लागली, तेव्हा आठवण काढू शकणारी झाडून सगळी माणसं समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली होती. मी खजिनदार; सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी, माझ्याच हिशेबात. त्यातली निम्मी माझी आठवण वर्षभर काढतच असतात, आणि ती उचकी लागावी अशी नसते.

दोष वड्याचा. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली, तेवढ्यात बटाटेवडे आले. मी एक उचलतोय तोच सचिव म्हणाले, "चला, झाला अर्धा तास." वाफाळता वडा लसणीच्या चटणीसकट दोन घासांत ढकलला, वर गार सोडा. उचकी लावून घ्यायचीच असेल तर याहून चांगली पाककृती नाही. घाईघाईने गिळताना घासाबरोबर हवा पोटात जाते, सोड्यातला वायू तिच्यात भर घालतो आणि जठर फुगून वरच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, ढोसायला लागतं. अन्ननलिकेला आधी तिखट-गरम, मग एकदम गार. तिथली व्हेगस नावाची चेता, म्हणजे मज्जातंतू, मेंदूच्या बुंध्याकडे तक्रार नेते, आणि उत्तर म्हणून मानेतून निघणाऱ्या फ्रेनिक चेतेमार्फत श्वासपटलाला झटका येतो. हवा आत ओढली जाते न जाते, तोच सुमारे ३५ मिलिसेकंदांत स्वरतंतूंची फट धाडकन मिटते. आत निघालेली हवा बंद दारावर आपटते, तो आवाज म्हणजे उचकी. तेवीस वर्षं हे फळ्यावर आकृती काढून शिकवलंय मी. रविवारी मला कुणी विचारलं नाही.

"सिंकिंग फंडात या वर्षी जमा रुपये... उच्क्..."

पहिल्या रांगेतून बाटली आली. सात घोट पाणी प्या. पाण्याने उचकी थांबू शकते, पण सात या आकड्याने नाही. सलग गिळल्याने थांबते. मध्ये श्वास घेतला की मेहनत वाया. आणि अडतीस माणसं तोंडाकडे बघत असताना सलग गिळून दाखवा बरं. तिसऱ्या घोटाला उचकी आली आणि पाणी नाकातून ताळेबंदावर.

तेव्हा चारशेदोन उठले. आमच्याकडे माणसं फ्लॅटच्या नंबराने ओळखली जातात. चारशेदोन चवड्यांवर चालत माझ्या मागे आले आणि कानाशी ओरडले, "सिंकिंग फंडातले साठ हजार कुठे गेले?"

सभा चिडीचूप. मग मी म्हणालो, "उच्क्."

"बघा, उत्तर नाही!" मागून कुणीतरी.

"कुठले साठ हजार?" एकशेतीनच्या वहिनी. त्या तोवर मोबाइलमध्ये होत्या.

"अहो वहिनी, औषध आहे ते," चारशेदोन म्हणाले. "चोरीचा आळ घेतला की माणूस दचकतो, उचकी थांबते. आमची आजी घ्यायची."

"मग थांबली का?"

"नाही थांबली."

"म्हणजे दचकले नाहीत. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं."

"नाही हो, आकडा मी मनाने घेतला."

"मनाने साठच बरा आला? पन्नास का नाही?"

इथे चारशेदोन थांबले. टक्कल खाजवलं. माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या अहवालाकडे. "तसं बघायला गेलं तर," ते हळूच म्हणाले, "साठच का सुचावेत मला?"

दचकवण्यात तथ्य नाही असं नाही. दचकल्यावर माणूस एकदम मोठा श्वास आत घेतो आणि क्षणभर रोखतो. उतारा पडला तर तो त्या रोखण्याचा, आळाचा नव्हे. त्यासाठी खरंच दचकावं लागतं. खजिनदारावर पैसे खाल्ल्याचा आळ घेऊन त्याला दचकवणं म्हणजे कोळ्याला मासा दाखवून घाबरवणं.

बाकीचे उतारेही आलेच. ओळखीच्या माणसांची नावं घ्या, बरोबर नाव आलं की थांबते. थांबतेही, कारण साधी उचकी काही मिनिटांत आपणहून जाते आणि त्या वेळी ज्याचा उपाय चालू असेल तो वैद्य ठरतो. एका आजींनी मोराच्या पिसाची राख मधातून चाटवायला सांगितली. आयुर्वेदात हिक्केवर मयूरपिच्छ भस्म आहे खरं, पण सभेत मोर कुठून आणायचा? शेजारच्या सूनबाईंनी बाळाच्या टाळूला ओला दोरा लावतात तसा लावू का, असं विचारलं. दोऱ्याने निदान अपाय तरी होत नाही. बाळाला उचकीसाठी मध मात्र चाटवू नका. वर्षाच्या आतल्या मुलाला मध धोक्याचा असतो. त्याला उभं धरून ढेकर काढावा, बस्स. तळमजल्यावरचे काका डोळ्यांची बुबुळं दाबायला निघाले होते, त्यांचा हात मी धरला. त्याने हृदयाचे ठोके मंदावू शकतात, डोळ्याला इजा होते ती वेगळीच.

सुदैवाने फ्रान्सिस फेस्मायर त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हते. या अमेरिकन डॉक्टरांनी १९८८ साली हटवादी उचकीवर गुदद्वारात बोट घालून मालिश करण्याचा उपाय प्रसिद्ध केला. उद्देश तोच, व्हेगस चेतेला दुसऱ्या कामाला लावणं. २००६ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. चारशेदोनना हे कळलं असतं तर मी सभागृहातून पळालो असतो.

खरा इलाज स्वयंपाकघरात असतो. एक चहाचा चमचा भरून कोरडी साखर. दाणेदार, पिठी नको. जिभेच्या मागच्या बाजूला टाकायची आणि पाण्याशिवाय गिळायची. दाणे घशाची मागची भिंत खरवडतात, तिथल्या चेता त्यात गुंततात. १९७१ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात २० रुग्णांना अशी साखर दिली, १९ जणांची उचकी थांबली. लोक साखर पाण्यात विरघळवून पितात आणि मग म्हणतात, गुण नाही आला. सरबताचा गुण कसा येईल? मधुमेह असेल तर दुसरी रीत: श्वास पूर्ण सोडा, मग छाती भरून घ्या आणि १० सेकंद रोखा. न सोडताच वर आणखी थोडा घ्या, ५ सेकंद रोखा. पुन्हा चिमूटभर घ्या, ५ सेकंद रोखा, मग सोडा. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि ताणलेल्या श्वासपटलाला झटका देता येत नाही. चूक एकच होते: लोक सहा सेकंदांतच दहा मोजून टाकतात.

दोन दिवस, म्हणजे ४८ तास उलटले तर मात्र डॉक्टर. उचकीबरोबर छातीत दुखत असेल, तोंड वाकडं होत असेल किंवा हातपाय लुळे पडत असतील तर ४८ मिनिटंही थांबायचं नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बॉर्न यांना १९२२ साली डुक्कर वजन करायला उचलताना उचकी लागली, ती १९९० पर्यंत चालली. अडुसष्ट वर्षं. त्यांना किती जणांनी किती उपाय सांगितले असतील, या विचाराने मला उचकीपेक्षा जास्त धाप लागते.

साखर सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा आतून उच्क् आणि बाहेरून "तुम्ही बोलू नका हो, त्रास होईल." घसा खवखवलेल्याला कुणी गप्प बसवत नाही, शिंकणाऱ्याच्या हिशेबात खोट काढत नाही. उचकी तेवढी सार्वजनिक मालमत्ता. पाणी प्यायचं आपण, बघायचं त्यांनी, आणि थांबली नाही तर तोंड पाडायचं आपण.

सभा संपली, घरी आलो, डब्यातली साखर चमचाभर तोंडात टाकली. उचकी गेली.

काल इतिवृत्त आलं. विषय क्रमांक ४ : "सिंकिंग फंडातील रु. ६०,०००/- बाबत सभासदांनी विचारणा केली असता खजिनदारांनी समाधानकारक खुलासा केला नाही." मी सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही बोलला नाहीत हे तर खरं ना? उचकी असं इतिवृत्तात कसं लिहिणार? दुरुस्ती पुढच्या सभेत सुचवा, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे या विषयात."

पुढची सभा सप्टेंबरात. वड्यांची ऑर्डर चारशेदोनकडे आहे.