जेनेरिकवर रागावलेल्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

निवृत्त शिक्षक असल्याचं तुम्ही लिहिलंत, म्हणून सर म्हणतो. ‘डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव विचारा’ या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीन दिवसांत चार-पाच वेळा वाचली. दुकानात गर्दी होती आणि गिऱ्हाइकांच्या मधे मधे दोन ओळी खरडून तुम्हाला वाटेला लावायचं नव्हतं.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. काकूंची टेलमिसार्टन ४० ही प्रेशरची गोळी बदलून तुम्ही स्वस्तातली जेनेरिक, म्हणजे पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेली त्याच औषधाची गोळी, आणलीत. महिनाभरात वरचं प्रेशर १६० वर गेलं आणि जुनी कंपनी सुरू केल्यावर उतरलं. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. जेनेरिक म्हणजे खडू. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या सिरपने गेली ती असल्याच मालाने. आणि मी केमिस्ट असल्यामुळे जास्त मार्जिनचा माल खपावा म्हणून हे लिहितो.

शेवटचा आरोप आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. दुकानात ‘जेनेरिक’ म्हणून जे मिळतं त्यातला बराच माल कंपन्या एमआर (डॉक्टरांना भेटणारे कंपनीचे प्रतिनिधी) न पाठवता थेट होलसेलरमार्फत आमच्याकडे पोचवतात. त्या पट्टीवर छापील किंमत शंभराच्या घरात असते आणि आमची खरेदी वीसच्या आतबाहेर. मधला पैसा गिऱ्हाइकाला सोडायचा की खिशात घालायचा, हे दुकानदाराच्या दानतीवर. सरकारने भाव बांधलेल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं. या मालात त्याच्या कितीतरी पट सुटतं. मी अशा पट्ट्या छापील किमतीच्या निम्म्याहून कमीत देतो, पण ही गोष्ट मागच्या लेखात लिहायला हवी होती आणि लिहिली नाही. ती चूक माझी. छापील किमतीला जेनेरिक विकणाऱ्याने तुम्हाला काहीही स्वस्त दिलेलं नसतं.

आता छिंदवाडा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती बातमी आली तेव्हा विदर्भातल्या कित्येकांनी ती जवळून पाहिली, कारण त्यातली बरीच मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती. वीसहून जास्त लेकरं गेली, मूत्रपिंडं बंद पडून. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकोल हा विषारी द्रव सापडला, तेही तमिळनाडूच्या तपासणीत ४८.६ टक्के. पण सर, ते सिरप ‘कोल्ड्रिफ’ या ब्रँडच्या नावाने विकलं जात होतं. बाटलीवर नाव होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही नाव होतं. त्या नावाने एकाही मुलाला वाचवलं नाही.

आणि हे विष आपल्या ओळखीचं आहे. १९८६ साली जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण असेच दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकोल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, अहवालाने अन्न व औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांचे वाभाडे काढले, आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. त्याच्याही आधी, १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषध याच द्रवात विरघळवून विकलं आणि शंभरावर माणसं मेली. तिथला औषधांचा कडक कायदा त्यानंतर, १९३८ मध्ये आला. सिरपमध्ये घालायच्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकोलचा पिंप कारखान्यात आला की त्याचा नमुना काढून त्यात हे विष नाही ना, एवढं बघायचं असतं. १९३७ पासून जगाला हे माहीत आहे. तरी २०२२ मध्ये गांबियात आपल्या देशातून गेलेल्या सिरपांमुळे मुलं गेली असण्याची शक्यता जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर करावी लागली. मला याचा जो संताप येतो तो तुमच्यापेक्षा कणभर कमी नाही. फक्त तुमचा राग औषधाच्या नावावर आहे आणि माझा, पिंप न तपासणाऱ्यावर आणि कारखान्यात न फिरकणाऱ्यावर.

खडूचं बोलू. हे लिहिताना माझ्यासमोर पॅन्टोप्राझोल ४० च्या दोन पट्ट्या आहेत. एक एमआर डॉक्टरांकडे घेऊन फिरतो ती, दुसरी जेनेरिक. पहिलीची किंमत दुसरीच्या जवळजवळ चौपट. दोन्ही उलट्या केल्या, चष्मा पुसला आणि बारीक अक्षरं वाचली: उत्पादक एकच, हिमाचलमधल्या बद्दीचा पत्ता एकच, लायसन्स नंबरही एकच. विकणाऱ्या कंपन्या तेवढ्या वेगळ्या. कारखाना एक म्हणून दोन्ही गोळ्या अगदी सारख्या, असं मी म्हणणार नाही. गोळीतली पूरक द्रव्यं वेगळी असू शकतात. पण एकीला औषध आणि दुसरीला खडू कसं म्हणायचं? आपल्याकडे पेटंट संपलेल्या औषधांचे जे नामांकित ब्रँड आहेत, तेही बहुतेक जेनेरिकच आहेत. मूळ शोध लावणारी कंपनी तिसरीच असते.

तरीही तुमच्या शंकेला एक खरी जागा आहे. गोळीत औषध किती, हे भारतीय औषधकोश ठरवतो. पॅरासिटामॉलच्या गोळीत लेबलवरच्या आकड्याच्या ९५ ते १०५ टक्के औषध असायला हवं. पण पोटात गेल्यावर ते रक्तात किती आणि किती वेळात पोचतं, ही वेगळी परीक्षा. तिच्यात मूळ औषधाच्या तुलनेत ८० ते १२५ टक्क्यांची चौकट असते. ‘म्हणजे २० टक्के औषध कमी चालतं’ असे मेसेज सगळीकडे फिरतात, ते चूक आहे. दोन्ही गोळ्यांच्या सरासरीची तुलना करताना जो अनिश्चिततेचा पट्टा येतो, तो अख्खा या चौकटीत बसावा लागतो. सरासरी २० टक्के कमी असेल तर गोळी नापासच होते.

आपली अडचण अशी की एखादं औषध देशात मंजूर होऊन चार वर्षं झाली की पुढच्या कंपन्यांना राज्याकडून परवाना मिळतो, आणि एप्रिल २०१७ पर्यंत त्यांना ही रक्तातली परीक्षा सक्तीची नव्हती. २०१७ मध्ये पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांसाठी ती सक्तीची झाली. टेलमिसार्टन त्याच गटातलं. आधीचे परवाने घेतलेला माल बाजारात आहेच, महागडाही आणि स्वस्तही. म्हणून मिरगीची फेनिटॉइन, थायरॉइडची थायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन यांची कंपनी मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच बदलत नाही, गिऱ्हाईक मागत असलं तरी.

काकूंबद्दल एक विचारतो. गोळ्या आठवड्याच्या डबीत काढून ठेवता का? टेलमिसार्टन हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून ते दोन्ही बाजूंनी जाड अ‍ॅल्युमिनियम असलेल्या पट्टीत येतं. पावसाळ्यात चार-पाच दिवस उघडं राहिलं तर गोळी मऊ पडते. प्रतिक्रियेत तुम्ही ‘गोळी बोटाने दाबली तर भुगा झाला’ असं लिहिलंय, ते वाचून मला पहिली शंका तीच आली. माझ्याकडे एक आजी येतात. गेल्या वर्षी त्यांना चक्कर येत होती. पिशवी काउंटरवर उलटी केली तर तीन पट्ट्या निघाल्या, त्यात एकच औषध दोन नावांनी. एक गुलाबी, एक पांढरी. डॉक्टर बदलले, नाव बदललं आणि आजी दोन्ही घेत होत्या. पट्टीवर मूळ नाव मोठ्या अक्षरात वाचायची सवय मी जी सांगतो, ती यासाठी.

डबीचा प्रश्न नसेल आणि गोळी सीलबंद पट्टीतूनच भुगा होऊन निघाली असेल, तर बॅच खराब असू शकते. असं होतं. २०१९ च्या पावसाळ्यात माझ्याकडे एका नावाजलेल्या कंपनीच्या गोळ्या आल्या, पट्टी फोडली की कडा झडायच्या. मी अख्खी पेटी बाजूला ठेवली, होलसेलरला फोन केले. त्याने माल परत घेतला आणि पुढे काय झालं ते कुणीच सांगितलं नाही. तेव्हा मी औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार करायला हवी होती. परत गेलेला माल दुसऱ्या कुठल्या दुकानात गेला असेल का, हे अजून मनात येतं.

म्हणून तुमच्याकडून एवढंच हवंय. उरलेल्या गोळ्या फेकू नका, पट्टी कापू नका, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला भाग शाबूत ठेवा. बिल सापडलं तर तेही. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात औषध निरीक्षक असतात, त्यांच्याकडे लेखी द्या. आणि फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट: औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ प्रमाणे औषध विकत घेणारा माणूस स्वतः ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून त्याची तपासणी करून घेऊ शकतो. त्यासाठी केमिस्ट असावं लागत नाही. अहवालावर सही-शिक्का असतो.

अर्ज लिहायला मी मदत करतो. अहवालात गोळी नापास झाली तर तो याच पानावर छापीन, कंपनी आणि बॅचसकट. पास झाली तरी छापीन. तोवर काकूंची जुनी गोळी चालू राहू द्या आणि डबीचं तेवढं कळवा.