विहारयात्रा, धर्मयात्रा आणि घोडबंदर रोड

अंगाला अजून वाळू चिकटलेली आहे, डोकं तापलेलं आहे आणि उद्या सकाळी साडेआठची लोकल गाठायची आहे. तरीही हे बाहेर काढल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहिते.

मागणं तरी काय होतं माझं? एक रविवार. सकाळी समुद्रात डुंबायचं, मग दोन-चार जुनी देवळं बघायची आणि दिवेलागणीला घरी. परदेशवारी मागितली नव्हती. कासारवडवलीहून नालासोपारा, निर्मळ आणि तिथला एखादा किनारा. सगळं मिळून पस्तीस-चाळीस किलोमीटर. आपल्या ठाण्याला तळी आहेत, खाडी आहे, पण पाय बुडवावा असा समुद्र नाही. म्हणून जवळचा शोधला. जवळचा!

लेकीला शाळेत सोपाऱ्यावर प्रकल्प आहे. प्राचीन शूर्पारक, बंदर, स्तूप वगैरे. सासूबाईंना निर्मळला शंकराचार्यांच्या समाधिमंदिरात जायचं होतं. नवऱ्याला वसईचा किल्ला बघायचा होता. मला फक्त पाणी हवं होतं. सगळ्यांचं जमतंय असा एकच दिवस आला, तो म्हणजे एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार.

सासूबाईंचं माहेर रेवदंड्याचं. पाऊणकी पाठ आहे त्यांची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांना कुठल्या ॲपने शिकवलेलं नाही. शनिवारी रात्रीच हिशेब मांडून मोकळ्या झाल्या. "उद्या द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नवाच्या सुमाराला भरती, तीनला ओहोटी. आधी समुद्र, मग देव. पाचला निघायचं." बाईंचं एक अक्षर चुकलं नाही. चुकलो आम्ही. नवरा म्हणाला, "रविवार आहे आई, रस्ता रिकामाच असतो. साडेसहाला निघू." रविवारी रस्ता रिकामा असतो! ठाण्यात दहा वर्षं काढलेला माणूस हे बोलतो, तेव्हा त्याचं काय करावं तुम्हीच सांगा.

निघालो सात वाजता. सव्वासातला थांबलो. गाडीत बसून वाळवण झालं आमचं.

घोडबंदर रोडवर, गायमुखच्या चढावर ट्रेलर बंद पडला होता. दर वेळी तोच चढ, तोच ट्रेलर. उरणकडच्या बंदरातला माल गुजरातकडे निघतो तो ह्याच रस्त्याने, आणि गुजरातकडचा तिकडे जातो तोही ह्याच रस्त्याने. मधे आम्ही, दुधाच्या पिशव्या आणणारे, पोरांना क्लासला सोडणारे आणि एखाद्या रविवारी समुद्र बघायची हाव सुटलेले. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मधून हा एक रस्ता. त्यात वळणं, त्यात चढ. चाळीस टनांचं धूड तिथे एकदा बसलं की मागे मेट्रोच्या खांबांपर्यंत रांग. आणि रांगेत उभं राहायचीही अक्कल नाही कुणाला. डावीकडून रिक्षा घुसली, उजवीकडून कुणीतरी उलट्या दिशेने आला, झालं, गाठ बसली. मग सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवायचा. हॉर्नने ट्रेलर हलतो अशी काही श्रद्धा आहे बहुतेक.

दीड तासात मी रस्त्यावरचे सगळे फलक वाचले. 'अभीष्टचिंतन' एकानेही शुद्ध लिहिलेलं नाही. एकेका फलकावर एकवीस-बावीस चेहरे, सगळे काळे चष्मे घातलेले, सगळे भावी कोणीतरी. पुढे काय झालंय, किती वेळ लागेल, पर्यायी रस्ता कुठला, हे सांगणारी एक पाटी नाही. आमच्या नशिबात फलकांचा दुष्काळ नाही हो, फक्त उपयोगाच्या फलकांचा आहे.

मागच्या सीटवर लेक तिच्या वहीतून मोठ्याने वाचत होती. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यात अशोक काय म्हणतो, तर पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे, शिकार करायचे, मौज करायचे. मी राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केली. "आई, म्हणजे आपली सकाळी विहारयात्रा आणि दुपारी धर्मयात्रा!" मी म्हटलं, आधी यात्रा तर होऊ दे. "आणि त्या यात्रेत तो वृद्धांना भेटायचा, त्यांना सोनं द्यायचा." आमच्या वृद्धा तेव्हा काल सकाळपासून उपाशी होत्या.

ही गोष्ट मला सगळ्यात लागली. एकादशी सासूबाई कडक करतात. द्वादशीला सकाळी पारणं. समुद्रावर पोचून, हातपाय धुऊन, सूर्याकडे बघून उपास सोडीन म्हणाल्या होत्या. वरणभात, घारगे, आमसुलाची चटणी, सगळा डबा पहाटे चारला उठून केलेला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, शेवटी मीच म्हटलं, आई, सोडा आता. बाहत्तर वर्षांच्या बाईने गायमुखच्या घाटात, ट्रकच्या धुरात, काचा वर करून, मांडीवर डबा ठेवून पारणं केलं. पहिला घास घेताना त्यांनी डोळे मिटले. बाहेर शेजारच्या टेम्पोवाल्याने तेवढ्यात पान थुंकलं, आमच्याच दारावर.

शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय, अशोकाने रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावली. माणूस दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी प्रवाशांची सोय बघत होता. आमच्याकडे होती ती झाडं गेली आणि त्यांच्या जागी पत्रे ठोकले.

आता अक्कल शिकवणाऱ्यांसाठी. ट्रेनने जायचं ना, असं म्हणणार असाल तर नकाशा उघडा. ठाण्याहून नालासोपाऱ्याला लोकलने जायचं म्हणजे खाली दादरपर्यंत उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा वर चढायचं. हाताने घास घेताना मानेमागून हात फिरवावा तसं. वसई-दिवा मार्ग आहे, त्यावर गाड्या मोजक्या, आणि त्या धरायला आधी दिव्याला जा. भाईंदर-वसई रो-रो, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट, २०२४ पासून आहे, हो, ऐकलंय. पण भाईंदरला जायला रस्ता कुठला? हाच. गायमुखवरूनच. डोंगराखालून बोरिवलीचा बोगदा होणार आहे, मेट्रो होणार आहे, सगळं होणार आहे. ठाण्यात राहणं म्हणजे कायम भविष्यकाळात राहणं.

नवरा मात्र शांत. मधेच म्हणाला, "मराठ्यांनी ठाणं घेतलं १७३७ ला आणि वसई घेतली १७३९ ला. ठाण्याहून वसईला पोचायला दोन वर्षं का लागली, ते आज कळलं." लेक हसली. मी नाही हसले. आता लिहिताना हसू येतंय, पण त्याला सांगू नका.

सोपाऱ्यात पोचलो पावणेअकराला. भरती केव्हाच उतरणीला लागलेली, म्हणून बेत उलटा केला, आधी स्तूप.

स्तूपाबद्दल वाईट बोलवत नाही. विटांचा तो ढिगारा, भोवती झाडं, रविवार असून शांतता. गावातले लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो खोदला, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. तिच्यात एकात एक करंडक, तांब्याचा, चांदीचा, स्फटिकाचा, सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याची फुलं आणि भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धाचं पात्र म्हणून जपलेले. भोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. हे मला कुणी सांगितलं? लेकीच्या वहीने. तिथल्या पाटीने काय सांगितलं? नासधूस केल्यास शिक्षा होईल. पाटीवर दंड लिहिलाय पाच हजार रुपये आणि तीन महिने कैद. लेकीने तिथल्या तिथे शोधून दाखवलं की २०१० मध्ये कायदा बदलून तो एक लाख आणि दोन वर्षं झालाय. म्हणजे धमकीसुद्धा जुनीच. एवढ्या जागेचं महत्त्व पाच ओळींत सांगायला कुणाचे हात दुखतात? विटांवर खिळ्याने बदाम आणि नावं कोरणारे आलेच मग. त्यांना कुणी सांगितलंच नाही की ते कशावर कोरतायत.

मी विचारलं, आणि तो शिलालेख कुठाय? प्रकल्पासाठी त्याचा फोटो काढायचाय ना तुला?

"तो इथे नाही आई. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. करंडक एशियाटिक सोसायटीत."

मुंबईत. म्हणजे ठाण्याहून एक फास्ट लोकल, तासभराच्या आत सीएसएमटी, पुढे चालत. मी तिच्याकडे बघत राहिले. "मग आधी का नाही बोललीस?" तर म्हणे, "तुला समुद्र हवा होता ना." काय बोलणार.

पुढे चक्रेश्वराला गेलो. तिथली ब्रह्मदेवाची मूर्ती बघाच कधी तरी. ब्रह्मदेव एरवी कुठे दिसतो आपल्याला? सासूबाई तिथे दहा मिनिटं नुसत्या उभ्या होत्या. निर्मळला तळ्याच्या काठावर वारा होता, दर्शन शांतपणे झालं, त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. देवांनी त्यांचं काम चोख केलं. घोळ आहे तो माणसांचा. वसईचा किल्ला आम्ही तिथेच सोडून दिला. नवऱ्याने तोंड पाडलं, पण घड्याळात दोन वाजले होते.

निर्मळहून किनारा काही फार लांब नाही. पण केळीच्या बागांमधल्या त्या गल्लीएवढ्या रस्त्यावर अख्खी मुंबई उतरली होती. समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की दोन्हीकडचे पुरुष खाली उतरून छाती काढणार, मग मागे कोण घेणार यावर परिसंवाद. गावातली एक आजी टोपली डोक्यावर घेऊन कडेला उभी होती. तिच्या अंगणातून लोक गाड्या काढत होते आणि वर तिलाच "आजी, बाजू" म्हणत होते. तिच्या जागी मी असते तर दगड घेतला असता.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सव्वातीन. पूर्ण ओहोटी. समुद्र म्हणून जो काही होता तो लांब एक रेघ होऊन पडला होता. मधे ओली वाळू, पिशव्या, बाटल्या, चिप्सची रिकामी पाकिटं, कुणाचा तरी चपलेचा एक पाय. त्यावरून घोडागाडी दौडतेय, त्यामागे एक शहाणा आपली नवी कोरी गाडी वाळूत गोल गोल फिरवतोय. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात पाऊणकीचा अख्खा पाढा होता.

तरी मी चालत गेले. हट्टाने. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. गुडघ्याला लागलं आणि जीवात जीव आला, तोच मागून शिट्टी. बाहेर या, आत जायचं नाही. का? पोरं बुडतात म्हणून. बरोबर आहे, बुडतात, दर वर्षी ऐकतो आपण. पण मग भरती कधी, ओहोटी कधी, खोल कुठे, ओढ कुठे, हे एका फळ्यावर खडूने लिहायला काय जातं? तो शिट्टीवाला बिचारा एकटा, एवढ्या किनाऱ्याला एक माणूस. त्याच्याशी कसली भांडणार. मी तिथेच गुडघाभर पाण्यात फतकल मारून बसले. हेच माझं समुद्रस्नान.

आणि मग कपडे. पुरुषांचं बरं असतं, टॉवेल गुंडाळला की झालं. माझा पंजाबी ड्रेस कमरेपर्यंत चिंब, सलवारीत पावशेर वाळू. कपडे बदलायला आडोसा नाही, मोरी नाही, नळ नाही. बायका समुद्रावर येतात आणि भिजतात, हे कुणाच्या गावीच नाही. जवळच्या एका रिसॉर्टवाल्याने नुसतं बाथरूम वापरायचे माणशी दीडशे रुपये सांगितले. पाणी नाही आत, तरी दीडशे. मी नाही दिले. गाडीच्या मागच्या सीटवर, सासूबाईंनी एका काचेला नऊवारीचा पदर लावला, लेकीने दुसरीला टॉवेल धरला, आणि सत्तेचाळीस वर्षांची मी, बँकेत वीस माणसांवर हुकूम चालवणारी, कोपरं आपटत आत कपडे बदलत होते. नवरा बाहेर पाठ करून भेळ खात उभा.

साडेपाचला परत फिरलो. हायवेवर मुंगीच्या पावलाने वरसावे पूल गाठला, उजेड गेला, आणि गायमुखच्या अलीकडे पुन्हा लाल दिव्यांची माळ. ह्या वेळी टँकर होता. सकाळी जिथे पारणं झालं, जवळजवळ त्याच जागी, फक्त रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला. लेक झोपली होती. गाडीत ओल्या कपड्यांचा वास आणि पायांखाली वाळू करकरत होती. नवऱ्याने इंजिन बंद केलं. खाली काळोखात खाडीचं पाणी हलताना ऐकू येत होतं.

सासूबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून वेळ बघितली.

"नऊ वाजून गेले," त्या म्हणाल्या. "आता आली असेल बघ भरती."