घेवड्याची मर फवारणीने थांबत नाही

दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय: "घेवडा सुकायला लागला की कार्बेन्डाझिम फवारा, उरलेल्या औषधात ट्रायकोडर्मा कालवून आळवणी करा, वरून युरिया द्या. तीन दिवसांत झाड उभं राहतं. टोमॅटोच्या रानात घेवडा घेऊ नका, तीच मर लागते." हा सल्ला ऐकाल तर औषधाचे पैसेही जातील आणि पीकही.

आधी फवारणीचं बघू. मर म्हणजे झाड सुकवून मारणारा रोग. त्याची बुरशी, फ्युजॅरियम, मातीतून मुळात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते. नळ्या तुंबतात, म्हणून वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल, असतानाही झाड माना टाकतं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आंतरप्रवाही आहे, म्हणजे झाडाच्या आत पसरतं, पण ते खालून वर चढतं; पानावर मारलेलं मुळापर्यंत उतरत नाही. वेळेवर आळवणी केली, म्हणजे औषध मुळाशी ओतलं, तर शेजारची निरोगी झाडं काही प्रमाणात वाचतील. नळ्या बंद पडलेलं झाड उठत नाही.

आणि ती मरच आहे का, हे तरी कोण बघतं? सुकणारं झाड उपटा, बुंधा ब्लेडने उभा चिरा. आत तपकिरी रेघा दिसल्या तर फ्युजॅरियम. आतून स्वच्छ, पण जमिनीलगत पांढरे धागे आणि मोहरीएवढे दाणे असतील तर ती स्क्लेरोशियमची खोडकूज, तिच्यावर कार्बेन्डाझिम फारसं चालत नाही. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात पिथियमने रोपं कुजतात. तिथे तर ते लागूच पडत नाही.

ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी, रोगाच्या बुरशीला मारणारी. ती कार्बेन्डाझिममध्ये कालवणं म्हणजे विकत आणून मारणं. युरियाच्या जादा नत्राने मर उलट बळावते.

टोमॅटोची भीतीही चुकीची. त्याची मर आणणारा फ्युजॅरियम वेगळा, घेवड्याचा वेगळा. दोघांत सामाईक आहे ती खोडकूज. धोका आहे तो घेवड्यावर घेवडा घेण्यात. घेवड्यासारख्याच शेंगवर्गीय हरभऱ्याच्या मरीची बुरशी तर पीक नसलेल्या रानातही ६ वर्षं टिकते. म्हणून मध्ये मका-बाजरी घ्या. हरभऱ्यात राहुरीच्या विद्यापीठाचे विजय, दिग्विजय हे मर-प्रतिकारक वाण आहेतच.

खर्च करायचा तो पेरणीआधी: किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, शेणखतातही मुरवून टाका. मेलेली झाडं मुळासकट काढून जाळा. बांधावर फेकलीत तर पावसाच्या पाण्याबरोबर बुरशी परत त्याच रानात येते.